बाहीतला वारा

“वारा कुठून?”

दार उघडलं की सरांचा पहिला प्रश्न हा. ये नाही, बस नाही, जेवलीस का नाही. चपला काढायच्या आधी वाऱ्याची दिशा अंशांत आणि वेग नॉटमध्ये सांगायचा. बरोबर असेल तर आत. चुकलं तर सर नुसतं बोटाने जिना दाखवायचे. मग तीन मजले खाली, रस्त्यावरून मान वर करून नीट बघायचं आणि पुन्हा तीन मजले वर. इमारतीला लिफ्ट होती, पण ती विद्यार्थ्यांसाठी नव्हती.

तुम्ही इंदिरानगरात राहत असाल तर ती इमारत तुम्ही पाहिली असेल. गच्चीवर डिश अँटेनांच्या गर्दीत एक उंच लोखंडी पाइप आणि त्याला बांधलेली शर्टाची बाही. कुणाचं तरी वाळत घातलेलं कापड उडून अडकलंय, असंच तुम्हाला वाटलं असेल. विमानतळावर वाऱ्याची दिशा कळायला कापडाची लांब नळी, विंडसॉक, लावलेली असते ना, तशी सरांनी आपल्या जुन्या शर्टाची बाही कापून, तोंडाला तारेचं कडं शिवून ती केली होती.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती बारावीनंतर. पायलट व्हायचं, एवढंच मला ठाऊक होतं. कसं, ते आमच्या नाशिक रोडला कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला, शेजारीपाजारी सगळे प्रेसमधले नाहीतर रेल्वेतले. वडिलांनी दहा जणांना विचारलं, तेव्हा कुणीतरी सांगितलं की इंदिरानगरात एक निवृत्त गृहस्थ पायलटच्या लायसन्सचे लेखी पेपर शिकवतात.

“वारा कुठून?”

मी मान वर करून आले नव्हते, पण रस्त्यावरचा पाचोळा उडताना पाहिला होता. ऐटीत म्हटलं, “सर, पूर्वेकडे चाललाय.”

“कुठे चाललाय ते त्याचं तो बघेल. आला कुठून?”

आणि बोट जिन्याकडे. वडील माझ्याबरोबर होते. तेही बिचारे माझ्यासोबत तीन मजले उतरले आणि चढले.

वारा जिथून येतो, त्या दिशेने त्याचं नाव. सरांनी तोच नियम माणसांनाही लावला होता. आमची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. मी नाशिक रोड. एक होता नांदगाव, एक सिन्नर, एक देवळाली. नांदगाव सुरुवातीला फार गडबडायचा. आठवडाभर जिना चढून चढून वैतागला आणि थंडीतल्या एका सकाळी अंश-बिंश विसरून म्हणाला, “सर, आज लय वारं हाय, अन् आमच्या नांदगावकडूनच येतंय!” सरांनी डोळे मिटून मनातल्या मनात नकाशा मांडला. “ईशान्य. बरोबर. आत ये.” त्या दिवशी पहिला चहा नांदगावला मिळाला.

सर स्वतः पायलट नव्हते. हवाई दलात त्यांनी पंचवीस वर्षं हवामानाच्या नोंदी घेतल्या होत्या. “तुम्ही कधी विमानात बसलात का, सर?” असं कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाले, “बसलोय की. बटाट्याच्या पोत्यांवर. खिडकी नव्हती.” मालवाहू विमानांतून त्यांच्या बदल्या झाल्या होत्या. तिकीट काढून, खिडकीशी बसून मात्र ते कधी उडले नव्हते.

घरात त्यांच्यावर कुरघोडी करणारं एकच माणूस होतं, काकू. कुरडया घालायच्या दिवशी सरांनी “आज आभाळ येणार नाही” असं सांगितलं, तरी काकू गच्चीवर जाऊन स्वतः बाही बघून यायच्या. “यांचा अंदाज कागदावर बरोबर असतो,” त्या आम्हाला पोहे देताना म्हणायच्या. सर वहीतून डोकं वर काढायचे नाहीत.

हवामानाच्या पेपरात मी दोनदा नापास झाले. दुसऱ्या वेळी मी सरांकडे गेले ती क्लास सोडतेय हे सांगायलाच. बीएस्सीचा फॉर्म भरून ठेवला होता. घरच्यांनी एक शब्द बोलून दाखवला नव्हता आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. वारा मी बरोबर सांगितला, आत गेले आणि रडले. सरांनी रडू दिलं. मग म्हणाले, “नाही जमलं तर काय करायचं? वर जायचं. वर जागा भरपूर आहे.”

हे त्यांचं दुसरं पालुपद. उतरताना काही बिनसलं तर विमान जमिनीवर रेटायचं नाही, सरळ पुन्हा वर न्यायचं, हे शिकवताना ते हेच म्हणायचे. परीक्षेलाही तेच लागू आहे, असं त्यांचं मत होतं. तिसऱ्या वेळी मी पास झाले. पेढे घेऊन गेले तर दारात प्रश्न ठरलेलाच. पेढ्यांच्या आनंदात मी वर बघायला विसरले होते. पेढ्यांसकट खाली गेले.

पुढे फ्लाइंग स्कूल, दोनशे तासांचं उड्डाण, लायसन्स, आणि मग दोन वर्षं नोकरीच नाही. पायलटची वर्दी शिवून कपाटात टांगलेली आणि मी नाशिक रोडला आठवीच्या मुलांना गणित शिकवतेय. अखेर नोकरी लागली, उजवीकडच्या सीटवर, म्हणजे सहवैमानिक म्हणून. मी धावत सरांकडे गेले. म्हटलं, “सर, आता तुम्ही माझ्या विमानात बसायचं. खिडकीशी.”

“कुठल्या सीटवर आहेस?”

“उजव्या.”

“डावीकडे बस. मग येतो.”

डावी सीट कॅप्टनची. तिथे पोचायला हजारो तास उडावं लागतं. मी हिशेब केला, पाच-सहा वर्षं. सर तेव्हा पंच्याहत्तरीला आलेले. मध्येच कोरोना आला, विमानं जमिनीवर बसली, आमचे तास थांबले. सरांचं वय तेवढं थांबलं नाही. त्यांना दम लागू लागला, गच्चीवर जाणं बंद झालं, बाही बदलायचं काम काकूंकडे आलं. मला डावी सीट हवी होती ती पगारासाठी आणि मानासाठी, हे खरंच. पण आता त्यापेक्षा जास्त भीती वाटायची की सर थांबणार नाहीत.

सर थांबले. मी कॅप्टन झाले तेव्हा ते एक्क्याऐंशीचे होते. ते आणि काकू रेल्वेने लेकीकडे हैदराबादला गेले होते. मेमधल्या एका दुपारी हैदराबाद-नाशिक विमान माझ्या वाट्याला आलं आणि परतीची त्यांची तिकिटं त्याच विमानाची काढली. तिसरी रांग, खिडकी. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. माझी टोपी बघून नुसती मान हलवली.

ओझरच्या, म्हणजे आमच्या नाशिकच्या विमानतळाच्या, धावपट्टीवर त्यांना घेऊन उतरायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एवढी वर्षं तेवढ्यासाठीच घालवली, असं मला त्या दुपारी वाटत होतं.

नाशिकजवळ आलो तेव्हा दक्षिणेला ढग उठलेले दिसले. धावपट्टी पूर्व-पश्चिम, वारा दक्षिणेचा, म्हणजे बरोब्बर आडवा. खाली येता येता झोत वाढले. जमीन समोर दिसत होती, द्राक्षांचे मळे दिसत होते, पण विमान स्थिर राहीना. मी वर गेले. घिरट्या घालून वाट पाहिली. वारा तसाच. सहवैमानिक लखनौचा मुलगा, हळूच म्हणाला, “मॅम, एक बार और?”

इंधन होतं. तिसऱ्या रांगेत सर होते. आधी विमान वाऱ्याशी कसं झगडलं, ते माझ्या हातांना आठवत होतं. तरी ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं, हे मी आज कबूल करते.

मी म्हटलं, “नाही. मुंबई.”

मुंबईला उतरलो. प्रवासी वैतागले होते, साहजिक होतं. एक जण म्हणाला, “आम्हाला नाशिकला जायचं होतं, मॅडम.” मी दारात उभी राहून सगळ्यांची माफी मागत होते. सर सगळ्यांत शेवटी आले, काकूंचा हात धरून. मला त्यांच्याकडे बघवेना.

“वारा कुठून?”

“ओझरला एकशे ऐंशी, सर. पंचवीस नॉट, झोत चाळीसचे.”

“बरोबर.” मग म्हणाले, “मला घरी उतरवायचं तुझ्या फार मनात होतं, नाशिक रोड. विमानाला ते कळू दिलं नाहीस.”

तिथेच, शिडीखाली बसची वाट पाहणाऱ्या प्रवाशांसमोर, मी रडले. टोपी घालून रडणारी कॅप्टन त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

काकूंनी नंतर सांगितलं, कसारा घाट संपेपर्यंत सर टॅक्सीवाल्याला आडवा वारा समजावून सांगत होते. तो बिचारा “हो का, बाबा” म्हणत गाडी चालवत होता. मी पुन्हा कधीतरी विमानाने नाशिकला उतरवायचं म्हणाले, तर सर म्हणाले, “कशाला? मला बघायचं होतं ते मी बघितलं.” नंतरच्या हिवाळ्यात ते गेले. मी तेव्हा कोलकात्यात होते. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

गेल्या महिन्यात सुट्टीत इंदिरानगरला गेले. सवयीने रस्त्यावर थांबून मान वर केली. पाइपला नवी बाही होती, फिक्या निळ्या चौकड्यांची. ती मी ओळखली. हैदराबादहून येताना सरांनी घातलेला तो शर्ट.

तीन मजले जिन्याने चढले. काकूंनी दार उघडलं. कुणी काही विचारलं नाही, तरी मी चपला न काढता म्हटलं, “दोनशे सत्तर, आठ नॉट.”

“दहा,” काकू म्हणाल्या. “पण ये आत.”

चहा पिताना मी बाहीचं विचारलं. म्हटलं, सरांचा चांगला शर्ट होता तो, ठेवायचा होता ना. विंडसॉक मी विमानतळावरून आणून देते, पक्क्या कापडाचा, वर्षानुवर्षं टिकेल.

काकूंनी मान हलवली. कपाट उघडून दाखवलं. इस्त्री केलेले शर्ट एकावर एक नीट रचलेले होते.

“उन्हावाऱ्यात एक बाही सहा महिने जाते,” त्या म्हणाल्या. “अजून नऊ शर्ट आहेत. मला पुरतील.”