दुसऱ्या अंकात फसलेला जपानी खेळ

डोमाजी तायडे यांनी आजवर एकही नाटक अर्ध्यातून सोडलेलं नाही. ही त्यांची तारीफ नाही, तक्रार आहे. आणि ती करायचा हक्क मला आहे, कारण गेली बावीस वर्षं त्यांची नाट्यसमीक्षा आमच्या अमरावतीच्या सायंदैनिकात मी छापतो. सांस्कृतिक भवनात हौशी स्पर्धेतलं एखादं नाटक असं काही पडतं की खुद्द लेखकाचे नातेवाईक मध्यंतरात गिलावडा खायला म्हणून बाहेर जातात ते परत येतच नाहीत. डोमाजी मात्र तिसऱ्या रांगेत मांडीवर वही घेऊन बसलेले असतात. नाटक संपलं तरी उठत नाहीत. पडदा ओढणारा बाहेर आला की त्याला गाठतात आणि पूर्ण नाव विचारतात.

कारण त्यांच्या समीक्षेत सगळ्यांची नावं येतात. कथानक, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत असा रीतसर समाचार घेऊन झाला की शेवटी वेशभूषा, रंगभूषा, रंगमंच व्यवस्था आणि चहापान. एकदा जागा कमी पडली म्हणून मी म्हटलं, "डोमाजी, चहावाल्याचं नाव कापतो."

"मंग माह्यं काप," ते म्हणाले. "त्याचा चहा नाटकापेक्षा बरा होता."

माणूस मूळचा पातूरचा. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आधी अकोल्याला, मग अमरावतीला नोकरी केली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पुलांच्या तपासणीत जे कुणाला बोलू शकले नाहीत, ते सगळं त्यांनी नाटकवाल्यांना बोलून घेतलं, असा माझा अंदाज आहे. ‘दिग्दर्शकाने पात्रांना रंगमंचावर मोकळं सोडलं आहे’ ही त्यांची ओळ वाचून अकोल्याच्या एका दिग्दर्शकाने आठवडाभर अन्न सोडलं, असं सांगतात. त्या दिग्दर्शकाची तब्येत मी पाहिली आहे, माझा विश्वास नाही. पण डोमाजी कुणाच्या तोंडाकडे पाहून लिहीत नाहीत, एवढं मात्र खरं.

अशा माणसाने गेल्या वर्षी व्हिडिओ गेमची समीक्षा लिहायला घेतली, त्याला कारण त्यांची मुलगी दीक्षा.

दीक्षा पुण्यात एका कंपनीत काम करते. जपानमध्ये, कोरियामध्ये जे गेम तयार होतात ते बाजारात येण्याआधी खेळून पाहायचे आणि त्यातल्या चुका शोधून कळवायच्या, हे तिचं काम. डोमाजींना हे कळायला दोन दिवाळ्या लागल्या. कळलं तेव्हा ते थेट माझ्या टेबलापाशी आले. "गोपाल, पोरगी चुका काढते अना तिले त्याचा पगार भेटते!" बावीस वर्षं चहावर राबवलेल्या माणसाने हे माझ्याकडे रोखून पाहत म्हटलं, आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

तिने आणि तिच्या टीमने तीन वर्षं ज्याच्यावर घालवली, तो गेम म्हणजे ‘कुरोमुरा’. एका जपानी ॲनिमे मालिकेवर बेतलेला. नावाचा अर्थ काळं गाव. एका बाजूला एकच राक्षस आणि दुसऱ्या बाजूला सात गावकरी, आणि हे आठही जण जगात कुठे कुठे बसलेली खरी माणसं चालवतात. गावकऱ्यांनी लपतछपत सात दिवे लावायचे आणि वेशीबाहेर निसटायचं. राक्षसाने एकेकाला धरायचं. एक माणूस धरला की राक्षसाची ताकद वाढते.

गेम आला आणि जगभरच्या समीक्षकांनी त्याला धू धू धुतलं. शंभरात छप्पन्न गुण पडले. चित्रं मालिकेसारखी हुबेहूब आहेत, मित्रांबरोबर घटकाभर मजा येते, एवढं मान्य. पण गाव एकच. राक्षस व्हायचं तर वीस वीस मिनिटं वाट बघा. राक्षस एकदा तापला की सातांच्या हातात काहीच उरत नाही. त्यात पळताना गावकऱ्याचा पाय भिंतीतून आरपार जातो. ‘या गेमची चाचणी कुणी केली होती का?’ असं एकाने विचारलं, आणि तेच वाक्य मग सगळ्यांनी उचललं.

त्याच आठवड्यात दीक्षाचा मला फोन आला. ती लहानपणी आमच्या ऑफिसात बसून चित्रांत रंग भरायची, म्हणून मला काका म्हणते.

"काका, आई म्हनते बाबा आमच्या गेमवर लिवून राहिले."

"हो. शुक्रवारच्या पानासाठी जागा धरायला सांगितलंय."

"सांभाळून घ्या नं जी थोडं."

"तुझ्या बाबांना? मी?"

ती हसली नाही. "जगानं काय लिवाचं थे लिवू द्या. पन बाबानं लिवलं का चाचणी झालीच नाही, तं मले नाही सहन होनार. तीन वर्षं भिंतीवर डोकं आपटलं काका आमी. खरंखुरं. गावकऱ्याचं डोकं आरपार जाते का थे पाहाले. हज्जार वेळा कळवलं, पाय जाते म्हनून. तारीख ठरली होती, तसाच सोडला त्यायनं."

बघतो म्हटलं. हे माझं ठरलेलं उत्तर आहे, आणि त्याचा अर्थ काहीच करणार नाही असा होतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

इकडे डोमाजींचं प्रत्यक्ष अवलोकन सुरू झालं होतं. घरी दीक्षाचा जुना कॉम्प्युटर होता. दुपारचं जेवण झालं की एक तास डोमाजी खेळत, पुढचा तास त्यांच्या पत्नी जाईबाई. मी एकदा मुद्दाम गेलो. डोमाजी दर वेळी सगळ्यांच्या आधी पकडले जात. बाकी सहा जण दिव्यांकडे धावायचे आणि डोमाजींचा गावकरी एका कागदी दारासमोर ढिम्म उभा.

"तुमी तिथं काय पाहून राहिले?" जाईबाई म्हणाल्या.

"प्रकाशयोजना पाहून राहिलो. दाराआडून दिवा कसा ठेवला पाह्य."

"मांगून राक्षस आला नं बाप्पा!"

राक्षस आलाच. जाईबाईंचा खेळ वेगळा होता. त्या काही न बघता एक दिवा लावायच्या, दुसरा लावायच्या आणि वेशीबाहेर. ब्राझीलमधला कुणीतरी त्यांना रोज सोबत बोलवायचा. डोमाजींना कुणी बोलवत नसे. समीक्षकाला गर्दीपासून अलिप्त राहावंच लागतं, असं ते मला गंभीरपणे म्हणाले.

सगळं खेळून झाल्यावर डोमाजींनी जे केलं ते जगातल्या कुठल्याही समीक्षकाने केलं नसेल. गेमच्या एका कोपऱ्यात श्रेयनामावली होती. ती लावून, वही उघडून ते बसले. अठरा मिनिटं खालून वर नावं सरकत होती. जपानी, मग कोरियन, मग पोलंडची. जाईबाईंनाही शेजारी बसवून घेतलं, पोरीचं नाव आलं की दोघांनी मिळून बघायचं म्हणून. अठरा मिनिटं संपली. झोप लागली असेल म्हणून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा जाईबाईंनी बोट ठेवून एकेक ओळ पाहिली. शेवटी जपानच्या ऑफिसातल्या एका मांजराचं नाव होतं, फोटोसकट.

डोमाजींनी पुण्याला फोन लावला. तो मी तिथे नसताना झाला, पण जाईबाईंनी तो मला इतक्या वेळा सांगितलाय की मी हजर होतो असंच मला वाटतं.

"तुह्यं नाव कितव्या मिनिटाले येते?"

"बाहेरच्या कंपनीची नावं नाही टाकत बाबा. पद्धतच आहे तशी."

"मांजराचं टाकलं."

"थे त्यायच्या ऑफिसातलं मांजर आहे."

डोमाजींनी जेवली का विचारून फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवसापासून पोरीला रोज फोन सुरू झाला. तुह्या बाजूले कोन बसते? त्याचं आडनाव काय? ऱ्हस्व का दीर्घ? बापाचं नाव? चांदूर रेल्वेची प्रणाली, बाळापूरचा किशोर, एक मणिपूरची मुलगी, दोन केरळचे मुलगे. दीक्षाला वाटलं, निवृत्तीनंतर बाबांना एकटं वाटत असावं. बिचारी रोज दोन-तीन माणसांची माहिती देत राहिली.

बुधवारी डोमाजींचा मजकूर माझ्या हातात आला. ‘पहिला अंक प्रेक्षणीय. नेपथ्य व प्रकाशयोजनेसाठी हा खेळ जरूर पाहावा, मात्र उभं राहून पाहू नये. दुसऱ्या अंकात खलनायक इतका बलवान होतो की सात जणांना पळण्यापलीकडे भूमिकाच उरत नाही. लेखकाने सातांवर अन्याय केला आहे. गावकऱ्याचा पाय भिंतीतून जातो, हा दोष अक्षम्य आहे.’ मी म्हटलं, झालं, पोरगी रडणार. पण पुढे होतं, ‘या खेळाची चाचणी कुणी केली होती का, असं परदेशी समीक्षक विचारतात. केली होती. दोष कळवलेही होते. करणाऱ्यांची नावं खेळात नाहीत, म्हणून इथे देत आहोत.’ आणि खाली अकारविल्हे, वडिलांच्या नावासकट, तेवीस नावं.

मला उगीचच टेबलावरून उठावंसं वाटलं. उठलो, पाणी प्यायलो, परत येऊन पुन्हा वाचलं. तेव्हा लक्षात आलं, दीक्षाचं नाव नाही.

मी फोन केला. "डोमाजी, चोविसावं राहिलं."

"राहिलं नाही. घरच्याचं नाव आपन आपल्या लेखात लिवत नसतो. उद्या लोक म्हनतीन, पोरीसाठी लिवलं."

"लोक!" माझं डोकंच फिरलं. अमरावतीत जपानी गेमची समीक्षा वाचणारे लोक मी बोटांवर मोजले असते, त्यातलं पहिलं बोट माझं. "आणि तिने श्रेयनामावली पाहिली तेव्हाही नाव नव्हतं, आता बापाच्या लेखातही नाही, तिने काय समजायचं?"

"नियम म्हंजे नियम," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बावीस वर्षं मी त्यांच्या मजकुरातून कापत आलो. नेपथ्य कापलंय, संगीत कापलंय, उपमा तर टोपलीभर कापल्यात. त्या दिवशी पहिल्यांदा एक ओळ घातली. यादीच्या अगदी तळाशी, तेवीस नावांच्या खाली, दीक्षा डोमाजी तायडे.

गुरुवारी चार वाजता डोमाजी नेहमीप्रमाणे प्रूफ तपासायला आले. लाल पेन काढलं. मी समोरच्या खुर्चीवर बसून शेअर बाजाराचं पान वाचायचं सोंग करत होतो. एक वेलांटी सुधारली, एक स्वल्पविराम उडवला. मग पेन खाली खाली गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती, सगळी भांडणाची.

डोमाजींनी ते नाव खोडलं नाही. त्याच्याभोवती गोल केला, तिथून लांबलचक बाण काढला, तो ‘त’च्या नावांखाली आणि ‘न’च्या नावांवर नेऊन टेकवला आणि मला म्हणाले, "क्रम चुकवला तू. एवढं तरी पाहात जा." मग पेनाचं टोपण लावून निघून गेले.

अंक शुक्रवारी निघाला. शनिवारी दुपारी डोमाजी माझ्या टेबलापाशीच होते, पुढच्या नाटकाची तारीख विचारायला आलेले, तेव्हा त्यांचा फोन वाजला. दीक्षा. कान जरा अधू, म्हणून ते स्पीकर लावतात आणि अख्ख्या ऑफिसाला ऐकवतात.

"दुसरा अंक फसला लिवलं तुमी?" ती जय भीमही न म्हणता सुरू झाली. "तुमाले लपता नाही येत बाबा! आईनं तं चाळीस वेळा निसटून दाखवलं."

"तुह्यी आई निसटली म्हनून अंक चांगला होत नाही."

"होते!"

"नाही होत."

दहा मिनिटं बाप-लेक कडाकडा भांडले. तिने राक्षसाची बाजू घेतली, यांनी सातांची. डोमाजींचा चेहरा इतका खुललेला मी एकाही नाटकाला पाहिला नाही. मग ती एकदम थांबली. "बाबा," ती हळू म्हणाली, "माह्यं नाव तुमी लिवलं?"

मी समोरून दोन्ही हातांनी खुणा करत होतो. हो म्हणा. आयुष्यात एकदा हो म्हणा.

"नाही," डोमाजी म्हणाले. "गोपालनं लिवलं."

मला त्या माणसाच्या डोक्यात प्रूफांचा गठ्ठा घालावासा वाटला.

"मी त्याच्या जागेवर ठेवलं," ते म्हणाले. "तळाशी टाकलं होतं यानं. तुह्यी जागा तळाशी नाही."

मग दीक्षा रडत असल्याचं अख्ख्या ऑफिसाला ऐकू आलं. आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या रडण्याला यथातथा नाहीतर अतिरंजित म्हणत आलेल्या डोमाजी तायड्यांनी, आता काय म्हणायचं ते न सुचून, फोन माझ्या हातात दिला.