डॉक्टरकाकूंचं दार

इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, यादीवरचा पुरवठादार होणं हे मुलीचं लग्न ठरवण्यापेक्षा अवघड काम आहे, असं माझं मत आहे. मला मुलगी नाही, त्यामुळे हे मत मी ठामपणे मांडू शकते.

माझा धंदा तसा साधा. ज्यांचे हात, पाय, डोळे किंवा वाचा पूर्वीसारखी साथ देत नाहीत, त्यांच्या घरी उपकरणं बसवायची. बटण दाबलं की पडदा सरकतो, आवाज दिला की दिवा लागतो, नुसत्या नजरेने फोन लावता येतो, असली कामं. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकले, नवऱ्याच्या व्हिसावर इकडे लंडनमध्ये पिनरला आले, बरीच वर्षं एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या आणि शेवटी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा कंटाळा येऊन स्वतःची कंपनी काढली. कंपनी म्हणजे मी, एक ड्रिल मशीन आणि गॅरेजचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्या भागात नवऱ्याची सायकल असते. ती तो चालवत नाही आणि हलवूही देत नाही.

ओळखीपाळखीतून कामं येत होती. पण ज्यांना खरी गरज असते, त्यांच्याकडचं सामान बहुतेक वेळा कौन्सिलकडून येतं, आणि आमची कौन्सिल यादीबाहेरच्या माणसाला दारात उभं करत नाही. म्हटलं, आपणही यादीत जाऊ या.

मग सुरू झाली कागदपत्रं. इन्शुरन्स, पोलीस तपासणी, सेफ्टीचं ट्रेनिंग, हे सगळं समजण्यासारखं होतं. पण कंपनीत मी एकटी असूनही प्रत्येक गोष्टीचं धोरण लिहून द्यावं लागलं. कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी कसं वागावं, याचं धोरण लिहिलं. तक्रारीचं लिहिलं. तक्रार माझ्याविरुद्ध आली तर चौकशी मी करणार, आणि निकाल पटला नाही तर अपीलही माझ्याकडेच. नवरा ते वाचून म्हणाला, "म्हणजे घरात चालतं तेच की." मी त्याला सायकलीची आठवण करून दिली.

त्यातच एक नियम मी मोठ्या रुबाबात लिहिला होता: रोजच्या कामात माणसाला कुठे मदत लागते ते बघायला कौन्सिलची थेरपिस्ट येते, ती तपासणी करत असताना पुरवठादार मध्ये तोंड घालणार नाही. गरज काय आहे ते थेरपिस्ट ठरवणार, मी फक्त त्यावरचा उपाय दाखवणार. लिहिताना फार भारदस्त वाटलं. बोलल्याशिवाय मला राहवत नाही हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ठाऊक आहे, पण कौन्सिलला कुठे ठाऊक होतं.

शेवटची पायरी होती प्रत्यक्ष कामाची. कौन्सिलने एक घर दिलं. त्यांची थेरपिस्ट तिथे येऊन गरज तपासणार आणि मग मी माझं काम तिच्यासमोर करून दाखवणार. पत्ता एजवेअरचा निघाला आणि आडनाव आपलं, चांगलं मराठी. मी खूश झाले. म्हटलं, घरचंच कार्य आहे.

मापं घ्यायला आधी एकटीच गेले. घर एका निवृत्त डॉक्टरीणबाईंचं होतं. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी भूल देण्याचं काम केलेलं. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. पाय गेले, डावा हात गेला, उजव्या हातात थोडी ताकद उरली. बोलण्यातली मात्र तिळभर कमी झालेली नव्हती. यजमान वारल्यावर मुलगा आणि सून त्यांच्याकडे राहायला आले होते, पण दोघांच्या नोकऱ्या, त्यामुळे दुपारभर काकू एकट्या. मी त्यांना लगेच काकू म्हणू लागले आणि त्या मला लगेच रागावू लागल्या, म्हणजे आमचं जमलं.

मी उत्साहाने पडदे, दिवे, पंखा सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं.

"ते राहू दे. मला दार हवंय."

"दार आहे की, काकू."

"आहे, पण माझं नाहीये. बाहेर भिंतीवर ती डबी बघितलीस? नंबर फिरवला की आतली किल्ली मिळते. मला आंघोळ घालायला येते त्या केअररला नंबर माहीत, नर्सला माहीत, फिजिओला माहीत. परवा मी ब्लाउजची बटणं लावत बसले होते, एकेक बटण म्हणजे केवढं काम. तर समोर एक अनोळखी माणूस. बॉयलर बघायला आलेला. मला 'यू ऑलराइट, लव्ह?' म्हणाला आणि वर गेला."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"हे माझं घर आहे ना? मग आत कोण येणार ते मला ठरवायचंय. वॉर्डात राहिल्यासारखं नाही राहायचंय मला."

मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी उगाच टेप काढून पुन्हा एकदा चौकट मोजली. करायचं काम कठीण नव्हतंच. खुर्चीच्या हाताला एक मोठं बटण, समोर छोटा स्क्रीन, त्यात बाहेरचा माणूस दिसणार, त्याच्याशी बोलता येणार, आणि काकूंनी बटण दाबलं तर लॅच सुटून दार आपोआप उघडणार. फक्त थेरपिस्टने एवढंच म्हणायला हवं होतं की होय, यांना याची गरज आहे.

ठरलेल्या दिवशी मी बटणं, तारा आणि ड्रिल घेऊन पोचले. दारातच खमंग फोडणीचा वास आला आणि मला शंका आली. आपल्याकडे कांदेपोहे उगाच होत नाहीत. आत गेले तर घर ओळखू येईना. कमोडची खुर्ची गॅरेजमध्ये. व्हीलचेअर गॅरेजमध्ये. जेवणाच्या टेबलावरच्या औषधांच्या जागी फुलं. सुनेने रजा घेतलेली, मुलगा घरून काम करत होता. आणि काकू? काकू सोफ्यावर, मोरपंखी साडीत, कपाळाला टिकली, मागे तीन उशा, नुकत्याच देवळातून येऊन टेकल्यासारख्या.

"काकू, खुर्ची कुठाय?" मी हळूच विचारलं.

"अगं, कोणी यायचं म्हटल्यावर घर जरा बरं नको दिसायला?"

थेरपिस्ट आली. मध्यमवयीन, मृदू बोलणारी इंग्रज बाई. तिने बेल वाजवण्याआधीच मुलाने दार उघडलं, कोट काढून घेतला, सुनेने चहा पुढे केला. मग प्रश्न सुरू झाले. दुपारी जेवणाचं काय? "आय मॅनेज व्हेरी वेल," काकू म्हणाल्या. बाथरूम? "सून फार चांगली आहे." ते खरंच होतं, पण सून दुपारी ऑफिसात असते हे कोणी बोललं नाही. कोणी आलं तर दार कोण उघडतं?

मुलगा खुर्चीतच पुढे सरकला. "ओह, नो प्रॉब्लेम ॲट ऑल. आम्ही असतो ना नेहमी."

मी काकूंकडे बघितलं. काकू थेरपिस्टकडे बघून गोड हसत होत्या. मी माझ्याच नियमाने तोंड शिवून बसले होते. पोह्यांची बशी हातात होती, म्हणून निदान ती घट्ट धरता आली. पाहुण्यापुढे घरातलं दुखणं काढायचं नाही, हे आपल्याला बाळगुटीत मिळतं. इंग्रज माणसाला वाटतं की जे विचारलं त्याचं उत्तर मिळालं. त्या खोलीत कुणीही खोटारडं नव्हतं आणि तरी खरं एक अक्षर कुणी बोलत नव्हतं.

थेरपिस्टने बॅगची चेन ओढली. "किती छान घर आहे तुमचं," ती म्हणाली. "एवढी माणसं भोवती असताना दाराचा प्रश्न दिसत नाही मला. तुम्ही छान सांभाळताय." एक माहितीपत्रक गाडीत राहिलं होतं, ते आणते म्हणून ती बाहेर गेली. दार तिच्या मागे खट्कन बंद झालं.

मुलगा खुशीत म्हणाला, "आई, मस्त झालं ना सगळं?"

थेरपिस्ट घराबाहेर, म्हणजे तपासणी थांबलेली, असा मी माझ्या नियमाचा अर्थ लावला आणि सुटले. "मस्त कसलं? तुम्ही सगळ्यांनी मिळून काकूंना ठणठणीत करून टाकलंत. आता कसलं दार आणि कसलं बटण."

"मग काय पाहुण्यांसमोर रडगाणं गायचं?" काकू म्हणाल्या.

"ती पाहुणी नाहीये, काकू. ती तपासायला आलीये. तुमच्याकडे पेशंट असे नटूनथटून यायचे का?"

"यायचे," काकू म्हणाल्या. "लिपस्टिक लावून यायचे. आय ॲम फाइन, डॉक्टर. मग हात लावला की नाडी धावत असायची." एवढं बोलून त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या.

बेल वाजली.

मुलगा उठला, सून उठली, मीसुद्धा अर्धी उठले.

"बसा," काकू म्हणाल्या. "कोणी उठायचं नाही."

"आई, ती बाहेर उभी आहे."

"दिसतंय मला. बस."

आम्ही बसलो. खिडकीतून पाऊस दिसत होता, इथला नेहमीचा, छत्री उघडावी की नाही ते ठरू न देणारा. बेल परत वाजली. घरी आलेलं माणूस दारात भिजतंय आणि आपण आत सोफ्यावर बसलोय, असला प्रसंग त्या घरात कधी आला नसेल. सुनेने पदर नसतानाही ड्रेसची ओढणी तोंडाला लावली. मुलाचा गुडघा सारखा हलत होता. मला स्वतःला इतकं अवघडायला झालं की मी पोहे खायला लागले.

शेवटी पत्र टाकायची फट उघडली आणि त्यातून काळजीचा आवाज आला. "हॅलो? सगळं ठीक आहे ना?"

काकूंनी मान वर केली. हा आवाज त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये वापरला असणार. इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "मी इथे सोफ्यावर आहे. मला उठता येत नाही. दुपारभर या घरात माझ्याशिवाय कोणी नसतं. तुम्ही मला विचारलंत, मी दाराचं कसं सांभाळते. असं सांभाळते."

त्या फटीतून आवाज आला, "राइट. मला वाटतं, आपण पहिल्यापासून सुरुवात करू या."

मुलाने धावत जाऊन दार उघडलं आणि पाच वेळा सॉरी म्हणाला. त्या बाईंनी केस पुसले, चष्मा पुसला आणि पहिली गोष्ट विचारली ती म्हणजे खुर्ची कुठे आहे. गॅरेजमधून खुर्ची आली, कमोड आला, औषधांचे डबे आले. फुलं कुठे ठेवायची तेवढं कळेना. सून मध्येच रडली, मध्येच हसली, आणि म्हणाली की रोज दुपारी ऑफिसात तिचं लक्ष घड्याळाकडे असतं. काकू ते ऐकत होत्या. त्यांना ते माहीत नव्हतं असं दिसलं. थेरपिस्टने सगळं पुन्हा विचारलं, सगळं पुन्हा लिहिलं, आणि मग दोनदा पोहे घेतले.

त्यानंतर माझं प्रात्यक्षिक झालं, व्यवस्थित झालं. मी यादीत आले. त्या घरात काम करताना माझा हात जितका सरळ चालला तितका आजवर कधी चालला नव्हता. किल्लीची डबी मी काढली नाही, अडीअडचणीला ती लागतेच, पण तिचा नंबर बदलायला लावला. केअरर, नर्स, फिजिओ, सगळे बेल वाजवायला लागले. बॉयलरवाला पुन्हा आला तेव्हा काकूंनी त्याला आधी त्याचं नाव, मग कंपनीचं नाव आणि मग कामाचं कारण विचारलं, असं सुनेने मला फोनवर सांगितलं. सून आता दुपारच्या मीटिंगमध्ये लक्ष देते म्हणे.

होळीला मी पुरणपोळ्या केल्या. म्हटलं, काकूंना गरम गरम नेऊन द्याव्यात. फोन वगैरे केला नाही, आपल्याकडे पुरणपोळी न्यायला कोणी फोन करत नाही. डबा फडक्यात बांधून बस बदलत बदलत एजवेअरला गेले आणि बेल वाजवली.

बेलवरच्या कॅमेऱ्याचा छोटा दिवा लागला. म्हणजे त्यांना मी दिसत होते. मी स्क्रीनसाठी म्हणून डबा जरा वर धरला.

"कोण, तू होय," आतून आवाज आला.

"हो, काकू. पुरणपोळ्या आणल्यात."

दार उघडलं नाही. मला आधी वाटलं लॅच अडकला, आणि मनात लगेच स्क्रू मोजायला लागले.

"आज नको गं," काकू म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता, रागाचा नव्हता. "आज मला कुणीच नकोय. तू उद्या ये."

"बरं, काकू."

दिवा विझला. दार बंदच राहिलं, मीच बसवलेलं, अगदी नीट बंद. मी डबा पुन्हा फडक्यात बांधला, फाटक लावून घेतलं आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. कुणी दारातून परत पाठवल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.