बैठकीच्या खोलीतलं निंदण

वनस्पतींच्या सहवासात माणसाचं मन सुसंस्कृत होतं, यावर माझी फार दिवस गाढ श्रद्धा होती. तोवर माझ्याकडे एकही वनस्पती नव्हती.

हिंगोली जिल्हा झाला आणि शहरात कुंड्या आल्या. रस्ते, पाणी, वीज होती तशीच राहिली; पण ज्याच्या टेबलावर घंटी होती त्याच्या दारात गेरूने रंगवलेली कुंडी आणि तीत लाल-पिवळं क्रोटन उभं राहिलं. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. माझ्या टेबलावर घंटी नव्हती. या थाटाला मी स्टाफरूममध्ये मनसोक्त हसलो आणि त्याच आठवड्यात कळमनुरीच्या बाजारातून तीन रोपं घेऊन आलो.

खरं कारण वेगळं होतं. साखऱ्याला आमची कोरडवाहू शेती. लहानपणी एकदा दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला पेरणीत तिफणीच्या चाड्यावर उभं करून त्यात मुठीने बी सोडायला लावलं. माझ्या ओळी उगवल्या त्या मधले दात पडलेल्या तोंडासारख्या. दादांनी बांधावर उभं राहून सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "ह्याला हातगुण न्हाई. ह्याला शिकू द्या." माझं एम. ए.पर्यंतचं शिक्षण या एका वाक्याच्या जोरावर झालं. दादा हे रागाने बोलले नव्हते, म्हणून ते जास्त लागलं. हिवाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे येणार होते. तेव्हा माझ्या हातची हिरवीगार झाडं पाहून त्यांनी ते वाक्य मागे घ्यावं, एवढाच माझ्या निसर्गप्रेमाचा उगम.

तीन रोपांपैकी एक मनीप्लँट, एक क्रोटन आणि तिसरं लांब पात्यांचं, मधोमध पांढरी रेघ असलेलं. विकणारा त्याला 'स्पायडर' म्हणाला. रीतसर अभ्यास करावा म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयातून बागकामाचं पुस्तक आणलं. ते कुठल्या तरी थंड मुलखात लिहिलेलं असावं. झाडाला खिडकीतलं कोवळं ऊन द्यावं, असं त्यात होतं. आमच्या खिडकीतलं ऊन उगवतानाच म्हातारं असायचं. पानं दुधात भिजवलेल्या कापसाने पुसावीत, असंही होतं.

"लेकराच्या वाटीतलं दूध पानाला काहून?" बायकोने विचारलं.

"चकाकी येते."

"मग थोडं तुमच्या तोंडाला लावून पाहा."

कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराच्या हाती नळ आला की काय होतं, ते मनीप्लँटने भोगलं. माती जरा सुकलेली दिसली की माझा जीव कासावीस व्हायचा आणि मी तांब्या ओतायचो. ते मुळापासून कुजलं. मग मी खताकडे वळलो. आमच्या वावरात मेंढरं बसवणाऱ्या धनगराकडून पिशवीभर लेंडीखत आणलं. पुस्तकात चमचाभर म्हटलं होतं. पण खत चमच्याने घालणं आमच्या घराण्यात कोणाला जमलं नसतं. मी ओंजळीने घातलं. क्रोटनने सगळी पानं खाली ठेवली आणि नुसतं काडीसारखं उभं राहिलं.

तगला तो स्पायडर. आणि त्याच्याच कुंडीत, खताबरोबर आलेल्या कुठल्याशा दाण्यातून, एक तूर उगवली. आगंतुक रोप ताबडतोब उपटावं, असं पुस्तक सांगत होतं. पण उगवलेलं पीक उपटायचं म्हणजे काय! हात पुढे जाईना. तूर खिडकीच्या गजांपर्यंत चढली, फुलली, तिला शेंगाही धरल्या. मी मात्र स्पायडरचीच पाती पुसत राहिलो. दादांना दाखवायचा तो तोच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादा आले आणि खिडकीखाली सतरंजीवर, बरोबर कुंडीशेजारी बसले.

आमच्याकडे माणूस दुसऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गप्पा मारायला बसला, तरी बोलता बोलता हाताजवळचं तण उपटत जातो. ते काम नसतं, शिष्टाचार असतो. हे मला माहीत होतं. बैठकीच्या खोलीत ते आठवलं नाही.

"औंदा पीक कसं काय, दादा?"

"सोयाबीन गेलं. तूर हाय." बोलता बोलता त्यांचा हात कुंडीवर गेला. मला भरून आलं. मी चहाची घाई करायला आत गेलो.

"मामा तुमच्या झाडाला हात लावून राहिले," बायको कुजबुजली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"लावू दे. बघू दे नीट."

चहा घेऊन बाहेर आलो तर स्पायडर जमिनीवर आडवा होता. मुळांची माती झटकलेली, मुळं वर केलेली. पुन्हा जीव धरू नये म्हणून असं करतात.

"दादा, हे काय केलं?"

"गवत माजलं होतं. तुरीच्या तोंडचा घास खाऊन राहिलं होतं. तुला दिसंना का? उद्या ऑपरेशन माझं हाय का तुझं?"

ते गवत मी बाजारातून आणलंय, हे सांगायला मी तोंड उघडलं. दारात बायको पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती. तेवढ्यात दादांनी तुरीचं खोड अंगठ्याने चाचपलं, एक शेंग हातात घेतली.

"तूर बाकी बराबर आली. कोन वाढवली?"

"ह्यांनीच, मामा," बायको म्हणाली. "रोज तांब्या तांब्या पाणी घालतात."

"व्हय? घरात?" दादांनी खोडाभोवतीची माती बोटांनी दाबली. "मंग आला म्हनायचा हातगुण."

मी चहा त्यांच्यापुढे ठेवला.

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर दादांनी खिडकीजवळ जाऊन एक शेंग उजेडात धरली, उलटी-सुलटी करून बराच वेळ पाहिली आणि सोडून दिली. साखऱ्याला जाऊन मात्र त्यांनी पारावर सांगितलं, की पोरानं हिंगोलीत बैठकीत तूर काढली.

ते गेल्यावर आम्ही शेंगा सोलल्या. प्रत्येकीवर बारीक भोक होतं आणि आत अळी होती.