भीतीसकट दिलेली साक्ष

माझी आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तिच्या छातीत गाठ झाली होती. लाजेपोटी तिने ती सगळ्यांपासून लपवली आणि घरात कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी रोज संध्याकाळी तिच्यासाठी गुडघे टेकत असे. आईला ठेव, पुन्हा काही मागणार नाही, असं मी प्रभूला सांगितलं होतं. आई राहिली नाही. त्यानंतरही मी उपासनेला जात राहिले, गाणी म्हणत राहिले, लग्नही देवळातच झालं. पण मनापासून प्रार्थना अशी केली नाही. डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि आमेन म्हणायचं. आमचे हे फार भाविक, म्हणून त्यांनाही हे कधी सांगितलं नाही. आज लिहिताना पहिली कबुली हीच देते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मोठ्या विश्वासाची बाई समजणार नाही.

एकोणनव्वद साली आम्ही दादरची भाड्याची खोली सोडून मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. इमारती सगळ्या नव्या, एकसारख्या, एकाच रंगाच्या. नळाला पाणी आलं नाही की टँकरच्या पाइपाशी बादल्यांची रांग लागायची आणि तिथेच ओळखी व्हायच्या. खालच्या मजल्यावर गुजराती कुटुंब, वर एक उत्तर प्रदेशचे मास्तर, समोरच्या दारात परभणीकडचं बौद्ध कुटुंब. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे आम्ही ख्रिस्ती आहोत हे कुणाच्या ध्यानात येत नसे. आम्ही ते लपवलं असं नाही, पण सांगितलंही नाही. नाताळात चांदणी खिडकीबाहेर न लावता हॉलमध्ये आतच लावायची, ही कल्पना माझी. नव्या जागी उगाच कशाला, असं मी ह्यांना म्हणायचे.

पुढच्याच उन्हाळ्यात आंघोळ करताना माझ्या हाताला गाठ लागली. डाव्या बाजूला, काखेच्या जवळ, वाटाण्याएवढी. मी नळ बंद केला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेरून मुलगी हाका मारत होती, “आई, माझी वेणी घाल ना.” मला ओ देता येईना. त्या दिवसापासून चार महिने मी ती गाठ घेऊन वावरले आणि कुणालाही सांगितलं नाही. आईचा शेवट मी पाहिला होता. डॉक्टरकडे गेले नाही तोवर ते खरं होणार नाही, अशी काहीतरी वेडी समजूत मी करून घेतली होती. स्टेशनकडे जाताना वाटेत एका डॉक्टरांची पाटी होती, ती दिसू नये म्हणून पलीकडच्या बाजूने जायचे. दिवसातून वीस वेळा हात तिथे जायचा. कधी वाटायचं कमी झालीय, कधी वाटायचं वाढलीय, आणि दोन्ही वेळा घाम फुटायचा. आपण मरणार हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून मी मुलीला स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवलं. कुकर कसा लावायचा, शाळेचा फ्रॉक कसा धुवायचा तेही शिकवलं. ह्यांना कौतुक वाटायचं. “इतक्या लहानपणी केवढी तयार झाली पोरगी,” असं ते म्हणायचे, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला घट्ट धरून उभी राहायचे.

एका सकाळी ह्यांना कामावर आणि मुलीला शाळेत पाठवून मी नुसती बसून होते. दाराची बेल वाजली. बाहेर उत्तनकडची एक कोळीण उभी होती. डोक्यावर मासळीची पाटी, गळ्यात सोन्याची साखळी आणि त्यात क्रूस. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी पापलेट सांगून ठेवले होते म्हणून ती आली होती. दाराचा नंबर तोच, पण इमारत पलीकडची. मी तिला चूक सांगितली, तर ती म्हणाली, “आता चढलेच हाय तं जरा पाटी उतरू दे गो बाय. हात लाव.”

मी उजवा हात लावला. पाटी तिरकी झाली.

“दुसरा बी लाव की!”

डावा हात वर नेताना मी दचकले असेन किंवा तोंड वाकडं केलं असेन. तिने पाटी कशीबशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू विचारलं, “किती दिस झाले?”

“कशाला?” मी म्हटलं. “काही नाही झालेलं मला.”

तिने उठून दार लोटलं. माझ्यासमोर फरशीवर बसली, माझा हात धरला आणि आपल्या पदराआड, छातीवर ठेवला. तिथे काही नव्हतं. सपाट होतं, बरगड्या हाताला लागत होत्या. “न्हाय ना काय? कापून टाकला,” ती म्हणाली. “सहा वरसं झाली. मी बी लय भ्याले. नवऱ्याला सांगितला न्हाय, पोरींना न्हाय. मंग एक दिस इगर्जीत जाऊन क्रूसापुढं रडले. देवाला बोलले, माज्यानं व्हत न्हाय, आता तूच बघ. आनि उठून डागदराकडं गेले. अजून पाटी वाहते हाय.”

चार महिन्यांत मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. तिचं नाव लुसी. मी तिला लुसीमावशी म्हणू लागले. “घरवाल्याला आज सांग,” असं बजावून ती उठली, “उद्या मी येते. पाटी न्हाय घेत उद्या.” मी संध्याकाळी ह्यांना सांगितलं. त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली होती, हात तिथेच थांबले. “चार महिने?” एवढंच ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. दुसऱ्या दिवशी लुसीमावशी खरंच रिकाम्या डोक्याने आली. धुतलेलं लुगडं नेसून, मासळीचा धंदा बुडवून, एका अनोळखी बाईसाठी. आम्हा दोघांबरोबर ती डॉक्टरांच्या दारापर्यंत आली आणि मी आत जाईपर्यंत माझा हात सोडला नाही.

गाठ वाईटच होती. मुंबईच्या एका इस्पितळात माझं ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी स्ट्रेचरवर घालून मला ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बोळात आणून ठेवलं आणि आत बोलावणं येईपर्यंत मी तिथे एकटी पडून होते. आई दिसत होती. मला प्रार्थना करायची होती, पण ‘वाचव’ हा शब्द सोळाव्या वर्षीच माझ्या तोंडून नाहीसा झाला होता. मी फक्त म्हटलं, प्रभू, मला खूप भीती वाटतेय. दुसरं काही सुचलंच नाही. तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. भीती गेली का? नाही गेली. पण कुणीतरी त्या भीतीत माझ्याशेजारी येऊन बसलंय, असं मला इतकं स्पष्ट जाणवलं की मी मान वळवून पाहिलं. बोळ रिकामा होता. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही, आणि हे कुणाला पटवून द्यावं अशी माझी इच्छाही नाही. घडलं ते असं.

डावी बाजू काढून टाकावी लागली, पण मी बरी झाले. आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी तेव्हा एका शाळेच्या वर्गात जमायची. मंडळीच्या पाळकसाहेबांना ह्यांनी सगळं सांगितलं होतं. ते मला म्हणाले, “बाई, एका रविवारी साक्ष द्या, देवाने तुमच्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगा. इतरांना धीर येईल.” मी पुढच्या महिन्यात म्हटलं, मग ईस्टरनंतर म्हटलं, आणि असं करता करता वर्षं गेली. बाकांवर बसलेल्या पुरुषांसमोर आपल्या शरीराबद्दल बोलायचं, या विचारानेच कानशिलं तापायची. त्याहून मोठी भीती वेगळी होती. आज उभं राहून देवाने बरं केलं म्हणायचं आणि उद्या दुखणं परत आलं तर? मग माझं काय आणि देवाच्या नावाचं काय?

अशातच लुसीमावशीचं येणं थांबलं, आणि एक दिवस दुसरीच कोळीण इमारतीत आली. मी तिच्याकडे चौकशी केली. ती म्हणाली, “लुसी? ती गेली गो. परत निघाला तिला, हाडात.” मी दार लावून घेतलं. जिने देवावर सोपवलं, जिच्या हाताला धरून मी वाचले, तीच गेली होती. त्या दिवशी माझी साक्ष माझ्या घशातच मेली असं मला वाटलं. पुढच्या तपासणीपर्यंत माझी झोप उडाली आणि हात पुन्हा काखेकडे जायला लागला.

त्याच सुमारास सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक विषय निघाला. कुणी बाहेरचे लोक येऊन दारोदार धर्माची पत्रकं वाटून गेले होते. सेक्रेटरी तावातावाने म्हणाले, “ऐसे लोगों को बिल्डिंग में घुसने ही मत दो. आज पेपर देंगे, कल धरम बदलवाएँगे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती मान डोलावणं मला अजून बोचतं.

समोरच्या दारातल्या परभणीच्या बाई म्हणजे विमलताई. मोठ्या आवाजाच्या, हसऱ्या, जिन्यात भेटल्या की दहा मिनिटं सोडायच्या नाहीत. चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात त्यांचा आवाज येईनासा झाला. गच्चीवर येणं बंद झालं. एकदा साखर मागायला गेले तर त्या आपल्या दहा वर्षांच्या मुलीला भाकरी थापायला शिकवत होत्या. मुलीचा हात पोळला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि विमलताई म्हणत होत्या, “शिकून घे गं. माझ्याच्यानं किती दिस होणार?” बोलताना त्यांनी डावा दंड अंगाशी घट्ट धरला होता. मी साखर न घेताच परत आले.

दोन दिवस मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. सांगायचं तर सगळं सांगावं लागणार होतं. माझ्या अंगाचं, लुसीमावशीचं, त्या बोळातलं. मग ही धर्म बदलायला आली असं त्यांना वाटणार. सेक्रेटरींच्या कानावर जाणार. आमच्या मुलीशी कुणी खेळेनासं होणार. आणि लुसीमावशीचं पुढे काय झालं असं त्यांनी विचारलं तर? तिसऱ्या दिवशी दुपारी मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि तेच जुनं वाक्य म्हटलं, प्रभू, मला भीती वाटतेय. आणि बेल वाजवली.

विमलताईंच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली आम्ही बसलो. मी दार लावलं. त्यांचा हात धरला आणि लुसीमावशीने केलं होतं तसंच केलं. त्या शहारल्या, पण हात काढून घेतला नाही. मग मी पहिल्यापासून सांगत गेले. आई, चार महिने, चुकून वाजलेली बेल, स्ट्रेचरवरची प्रार्थना. मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं. लुसीमावशी गेली हेही सांगितलं. ते गाळलं असतं तर सोपं झालं असतं.

विमलताई म्हणाल्या, “बाई, तुमचा देव नको बरं का मला. आमचा आम्हाला बुद्ध आहे.”

“देव द्यायला नाही आले मी,” मी म्हटलं. “दवाखान्यात चला, एवढंच म्हणायला आले.”

“मग देवाचं कशाला सांगितलंत?”

“ते वगळलं असतं तर खोटं झालं असतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. “मी लई भ्याले हो,” त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. आठ दिवस निकालाची वाट पाहिली. त्यांची गाठ साधी निघाली. कागद हातात घेऊन त्या हसत होत्या, रडत होत्या, आणि खरं सांगते, आनंद होत असतानाच माझ्या मनात एक काटा रुतला, की मग माझीच का? माझ्या आईचीच का? त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. तो काटा मी प्रार्थनेत जसाच्या तसा देवापुढे ठेवला. सोळाव्या वर्षापासून राहून गेलेलं बोलणं मी त्या आठवड्यात प्रभूशी बोलले. त्यात रागही होता.

मग मी पाळकसाहेबांना सांगितलं की मी साक्ष देते. शनिवारी जिन्यात विमलताईंनी माझा चेहरा पाहून कारण विचारलं. मी म्हटलं, “उद्या लोकांसमोर ते सगळं बोलायचंय. माझ्याच्यानं व्हायचं नाही.” त्या म्हणाल्या, “बाहेरच्या माणसाला येऊ देतात का तिथं?” येऊ देतात म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग मी येते. पुढं बसते. माझ्याकडं बघून बोला.”

आणि त्या आल्या. पांढरं पातळ नेसून, पहिल्या बाकावर, अनोळखी माणसांत ताठ बसल्या. मी उभी राहिले. सांगत सांगत आईच्या मरणापर्यंत आले आणि थांबले. पुढचा शब्द निघेना. वर्गात कुणीतरी खोकलं. विमलताईंनी मोठ्या आवाजात, घरात बोलावं तसं म्हटलं, “बोला ना बाई, ऐकतोय आम्ही.” काही जण हसले. मग मी बोलले. देवाने मला दुखण्यातून सोडवलं म्हणून तो खरा, असं मी म्हटलं नाही. लुसीमावशीनंतर ते मला म्हणताच आलं नसतं. मी घाबरले होते तेव्हा त्याने मला एकटं सोडलं नाही, एवढंच म्हटलं. जे झालं ते सांगायचं आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं, इतकंच माझ्या हातात होतं. ऐकणाऱ्याने त्याचं काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. पुढे सोसायटीत आम्ही कोण हे सगळ्यांना कळलं. काही दारं थोडी आखडली, बरीचशी नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी मला अजूनही धडकी भरते. मी तिला आता हाकलत नाही, तिच्यासकट प्रभूपुढे जाऊन बसते. त्या रविवारी उपासना संपल्यावर विमलताई आणि मी चालतच घरी निघालो. वाटेत त्या म्हणाल्या, “त्या लुसीबाईला मी पाहिलं असतं तर बरं झालं असतं.” मी त्यांना सांगितलं, तिचा हात कसा होता ते. खरखरीत, मिठाने फुटलेला, आणि फार उबदार.