टाचणी वर की खाली

परळच्या आमच्या व्यायामशाळेत नेम धरायला मी धनुष्याला टाचणी चिकटवली होती. बाण वर गेला, तर टाचणीही वर सरकवायची, असं वस्तादांनी बजावलं होतं. मला ते उलटं वाटलं. बाण वर जातोय, मग टाचणी खाली घ्यायला नको? अक्कल पाजळून टाचणी खाली घेतली आणि पुढचा बाण आणखी वर, थेट भिंतीपलीकडे गेला.

तिथे संयुक्त महाराष्ट्राची सभा चालू होती. बाण पत्र्याच्या भोंग्यावर धाडकन आदळला. आधीच्या गोळीबाराने धसकलेली माणसं "गोळी! गोळी!" ओरडत पांगली.

सभेला गेलेली आई घरी पळाली नाही. ती अनवाणी धावत व्यायामशाळेत आली.

"तुला कुठे लागलं नाही ना रे?"

धनुष्य माझ्या हातातच होतं.