विषय : एका माणसाच्या फाइलीतला शेरा खोडण्याबाबत

अर्जदार : मी स्वतः. आखाती देशातल्या रुसैलच्या एका रंग-कारखान्यात भांडाराच्या नोंदी ठेवणारा. वय बावन्न, शिक्षण नववी. फावल्या वेळात लोकांचे अर्ज लिहिणारा.

घटनेचा काळ : गेल्या वर्षी रमजान सरल्यानंतरचा दुसरा गुरुवार, दुपारच्या जेवणानंतर.

साक्षीदार : पहिला, मिक्सिंग हॉलचा फोरमन सालिम, राहणार रुस्ताक. दुसरा, कॅन्टीनचा उस्मानभाई, राहणार श्रीवर्धन, सध्या मुक्काम कंपनीची वसाहत.

मुख्य म्हणणे : दोष त्यांचा नव्हता.

हे शेवटचे वाक्य इतक्या वर लिहिण्याची माझी रीत नव्हे. माझ्या हातून आजवर जे शेकडो अर्ज गेले, त्यांत असे उघडेबोडके वाक्य पहिल्या पानावर एकदाही सापडणार नाही. आज ते तिथे का आहे, हे वाचकांना पुढे कळेलच.

‘त्यांचा’ म्हणजे कोणाचा, हेही सांगितले पाहिजे. परंतु नाव लिहीत नाही. ज्याच्यासाठी अर्ज करायचा त्याची परवानगी घेतल्याशिवाय त्याचे नाव घालायचे नाही, हा माझ्या कामातला पहिला नियम आहे. आणि परवानगी विचारायला ते आता इथे नाहीत.

आपणही अशी माणसे पाहिली असतील, जी कुठल्याही वस्तूला एकदम हात घालत नाहीत. हे गृहस्थ कोणत्याही संगणकापाशी आले की बसायच्या आधी त्याच्या डब्यावर डावा तळहात ठेवीत. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे अर्धे मिटत आणि मग हळूच म्हणत, “सोसवेल का, ते आधी विचारू.”

पंख्याचा आवाज तळहाताला कळतो, असे त्यांचे म्हणणे होते. डबा किती तापला आहे, आत किती धूळ आहे, तेही कळते. परंतु मला वाटे की ते खरोखरच काहीतरी विचारत असत आणि उत्तराची वाट पाहत असत. त्या अर्ध्या मिनिटात आजूबाजूची माणसेही आपोआप गप्प होत.

ते गुहागरकडचे. उंच, किंचित वाकलेले. शर्टाच्या खिशात घडी घातलेले कागद. कारखान्यात त्यांना सगळे ‘मुहंदिस’ म्हणत, म्हणजे इंजिनिअर. ते मला ‘मुन्शीजी’ म्हणत. वसाहतीतले सगळेच म्हणत. पण त्यांच्या तोंडी त्या शब्दात थोडी थट्टा आणि पुष्कळ आपुलकी असे.

त्या वर्षी शेजारच्या एका कारखान्यातील सर्व संगणकांना कोणीतरी इंटरनेटवरून कुलूप घालून खंडणी मागितली होती. आमच्या साहेबांनी धसका घेतला. कंपनीच्या प्रत्येक संगणकावर नवे सुरक्षा-सॉफ्टवेअर बसवायचे ठरले. त्याआधी कोणत्या संगणकात कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि नवे सॉफ्टवेअर तिच्यावर चालेल की नाही, याची तपासणी यांच्याकडे आली. मला त्यातले काही कळेना, हे त्यांनी ओळखले असावे.

“मुन्शीजी, तुमच्या गावाला राखणदार आहे?”

“आमच्या घाटावर म्हसोबा आहे.”

“तोच. वेशीवर बसतो, आत कोण येतो ते बघतो. हे सॉफ्टवेअर म्हणजे तसा राखणदार. पण तो जागेला मानवला पाहिजे. जुन्या घरात नवा राखणदार जबरदस्तीने बसवलात, तर चोर राहील बाजूला, घरच खाली येईल.”

“मग जुन्या घरांनी काय करायचं?”

“तेच विचारत फिरतोय,” ते म्हणाले.

संगणकाला ते ‘टोक’ म्हणत. कुरुमच्या मुख्य ऑफिसातून सुटलेले जाळे टोकाटोकाला येऊन संपते, असा त्यांचा हिशेब. “आणि प्रत्येक टोकाला एक माणूस बसलेला असतो. सॉफ्टवेअर करणाऱ्याला तो दिसत नाही. मला दिसतो, म्हणून उशीर होतो.”

रुस्ताकच्या बाजारात आमच्या कंपनीचे रंगांचे दुकान आहे. तिथला संगणक तपासायला ते निघाले, त्या दिवशी मालाची मोजणी करायला मीही त्याच पिकअपमधून गेलो. दुपार होती. समोरच्या किल्ल्याची भिंत उन्हात विरघळल्यासारखी दिसत होती. आहे म्हणावे तर हलत होती. त्यांनी तळहात ठेवला, विचारले, तपासणी लावून दिली. पडद्यावर टक्के सरकू लागले. दुकानामागून फलज वाहत होता. डोंगराच्या पोटातून आणलेल्या पाण्याचा तो अरुंद पाट. आम्ही पाय पाण्यात सोडून बसलो. छोटे मासे येऊन टाचा चाचपू लागले.

“हेही विचारतायत बघा,” ते म्हणाले.

मग ते वाकून मासे बघत बसले. मला डुलकी लागली असावी, कारण त्यांचे पुढचे बोलणे मला पाण्यातून आल्यासारखे आठवते. जुने संगणक अजून त्यांच्याच काळात राहतात, असे ते सांगत होते. तिथे अजून तेच वर्ष चालू असते, तीच माणसे कामावर येतात, पडद्यावर तोच हिरवा डोंगर असतो. “त्यांना एकदम हलवून उठवलं की घाबरतात हो.” मी डोळे उघडले तेव्हा आतून बारीक घंटी वाजली होती, तपासणी पूर्ण झाली होती, आणि ते ओल्या पायांनी आत निघाले होते. फरशीवर उमटलेली पावले आमच्यादेखत वाळून गेली.

आता मिक्सिंग हॉल. या हॉलमध्ये एक संगणक रंगांची मिश्रणे करणारे यंत्र चालवतो. त्याचा पडदा जुन्या टीव्हीसारखा, मागे पोट सुटलेला. सालिम त्याच्यावर ओला कपडा टाकायचा, गरम होऊ नये म्हणून.

“मुहंदिस, इसको हाथ मत लगाओ,” सालिम म्हणाला. “ये मेरा शादी से पुराना है.”

“सालिमभाई, मुझे तो बस हाथ ही लगाना है.”

“मेरा बीवी भी ऐसा बोला था,” सालिम म्हणाला आणि एकटाच हसत सुटला.

या वेळी तळहात फार वेळ राहिला. मग ते खोलीबाहेर आलेल्या डॉक्टरसारखे म्हणाले, “नाही सोसवणार.”

कारण साधे होते. नवे सॉफ्टवेअर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमांवर चालते, त्यांच्या यादीत इतकी जुनी सिस्टिम नव्हती. सिस्टिम बदलावी, तर मिश्रणाचा प्रोग्रॅम नवीवर चालत नव्हता, आणि तो प्रोग्रॅम करणारी कंपनी कधीच बंद पडली होती. “याच्यावर काही बसवायचं नाही. याची नेटवर्कची तार काढायची आणि याला एकटं राहू द्यायचं,” ते म्हणाले. “ज्याच्यापर्यंत वाटच नाही, त्याला राखणदार कशाला?”

इथे माझा संबंध येतो.

अहवाल इंग्रजीत द्यायचा होता, आणि साहेबांना द्यायचे इंग्रजी कागद वसाहतीत मीच लिहून देत असे. कॅन्टीनमध्ये त्यांनी खिशातून अर्धा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. वर एकच ओळ होती : मिक्सिंग हॉलच्या संगणकावर काहीही बसवू नये, बसवल्यास तो पुन्हा सुरू होणार नाही. खाली बाकीच्यांची यादी.

मी म्हणालो, “साहेबांना असं लिहितात?”

“मग कसं लिहितात?”

“नकार पहिल्या पानावर नसतो. पहिल्या पानावर आभार, साहेबांच्या दूरदृष्टीचा उल्लेख, केलेल्या कामाची यादी. दुसऱ्यावर अडचणी. नकार तिसऱ्यावर, तोही नम्रपणे.”

उस्मानभाई बाजूला किटली घेऊन उभे होते. “मुन्शीजी, चाय पहिल्या पानावर देऊ की तिसऱ्या?”

सगळे हसले, मी हसलो नाही. वसाहतीत थंड पाण्याचा कूलर आला तो याच रीतीने लिहिलेल्या अर्जामुळे, आणि त्या कूलरचे पाणी उस्मानभाईही पितात. मी अहवाल लिहिला. सुरेख झाला. तपासलेल्या सर्व संगणकांची नावे पहिल्या पानावर, मिक्सिंग हॉलमधल्याचेही त्यात. नकार तिसऱ्या पानाच्या मध्यावर.

त्यांनी तो वाचला. म्हणाले, “साहेब इथपर्यंत येतील ना हो?”

“माझा अर्ज अर्ध्यावर कोणी सोडत नाही.”

तेव्हा त्यांनी त्या तीन पानांवर तळहात ठेवला. “सोसवेल का यांना?” असे म्हणून हसले आणि सही केली. मला ती थट्टा वाटली.

साहेबांनी पहिले पान वाचले. त्यांना ते आवडले. त्यांनी कोपऱ्यात मंजुरीची सही केली आणि तेवढेच पान कुरुमला पाठवले. गुरुवारी दुपारी, वसाहतीकडे जाणाऱ्या बसेस दारात लागत असताना, कुरुमहून त्या पानावरच्या प्रत्येक संगणकावर नवे सॉफ्टवेअर रवाना झाले.

मी हॉलमध्ये डब्यांची झाकणे मोजत होतो. यंत्र फिकट हिरवा रंग ढवळत होते. एकाएकी ढवळणे थांबले. पडदा निळा झाला, सगळा निळा, आणि तो उजेड सालिमच्या पांढऱ्या पायघोळ दिशदाशावर पडला. किती तरी वेळ आम्ही समुद्राच्या तळाशी उभे असल्यासारखे उभे होतो. रंगाच्या पिंपात तेवढा एक भोवरा हळूहळू मंदावत होता.

“खलास,” सालिम म्हणाला.

रविवारी साहेबांनी मुहंदिसांना केबिनमध्ये बोलावले. मी साठ्याचे रजिस्टर घेऊन दारातच होतो.

“तपासणी तुम्ही केलीत ना?” साहेबांनी विचारले.

“हो.”

“मग हे यादीत कसं आलं?”

“तिसऱ्या पानावर लिहिलंय, साहेब, की बसवू नये.”

“तिसऱ्या? अहो, कारखाना बंद पडणार ही गोष्ट तिसऱ्या पानावर? ही काय लिहायची पद्धत झाली? सही कोणाची आहे खाली?”

त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तो अर्धा कागद अजून तिथेच होता. त्याची पिवळट कड मला दारातून दिसत होती. हात खिशावर टेकला, थांबला, आणि खाली आला.

“सही माझीच आहे, साहेब.”

बाहेर आल्यावर मी त्यांना अडवले. “तो कागद का नाही दाखवलात?”

“दाखवला असता तर पुढचा प्रश्न काय आला असता? हे इंग्रजी कोणाचं? तुमचा व्हिसा भांडाराच्या नोकरीचा, आणि इथे बसून कामगारांचे अर्ज लिहिता, तेही कधीकधी साहेबांच्याच विरुद्ध. पहिल्या विमानाने घरी पाठवतील तुम्हाला. मग शुक्रवारच्या सुट्टीत अर्ज लिहून घ्यायला येणारी ती सगळी माणसं कोणाकडे जाणार?”

“मी खरं काय ते लिहून देतो.”

“लिहा की. पण घाई करू नका. सोसवेल का, ते आधी विचारा.”

मी स्वतःला विचारले. उत्तर नाही असे आले, आणि मी गप्प बसलो.

त्यानंतर तीन आठवडे ते त्या संगणकापाशी बसून होते. कुठून तरी जुनी डिस्क पैदा केली. रोज तळहात ठेवायचे, थोडे काम करायचे, पुन्हा ठेवायचे. एका सकाळी पडद्यावर तो हिरवा डोंगर परत उगवला. सालिमने पिंपावर थाप मारून “यल्ला!” अशी आरोळी ठोकली आणि उस्मानभाईंनी सगळ्यांना न मागता चहा पाजला. मुहंदिसांनी नेटवर्कची तार उपटली, तिच्या टोकाला निळी चिकटपट्टी गुंडाळली आणि डब्यावर एक चिठ्ठी लावली : “हा इथे एकटा आहे. असू द्या.”

संगणक सुरू झाला. शेरा मात्र तसाच राहिला. फाइलीत लिहिले गेले की तपासणीत निष्काळजीपणा केला. त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. रुसैलमधल्या दुसऱ्या एका कारखान्याने त्यांना बोलावले होते. तिथून आमच्या ऑफिसात चौकशीचा फोन आला, आणि मग बोलावणे थांबले. ज्या माणसाने आयुष्यात एकाही यंत्राला न विचारता हात लावला नाही, तो निष्काळजी ठरून गुहागरला परतला.

जाताना मला भेटले. हात पुढे करतील असे वाटले. त्यांनी माझ्या खांद्यावर तळहात ठेवला आणि अर्धे मिनिट तसाच राहू दिला. काही विचारले नाही.

अजूनही दुपारच्या शांततेत मी कधी मिक्सिंग हॉलमध्ये जातो. त्या डब्यावर हात ठेवतो. आत पंखा गुणगुणत असतो. त्याच्यासाठी ते वर्ष अजून चालूच आहे, आणि गुहागरचा एक वाकलेला माणूस आत्ता येईल, असे त्याला वाटत असावे. कधीकधी मलाही वाटते. तारेचे निळे टोक वाऱ्याने हलते.

काल पुन्हा स्वतःला विचारले. या वेळी उत्तर हो असे आले. मी गेलो, तर लिहायला माणूस मागे राहील. दोघांना मी अर्ज लिहायला शिकवले आहे, आणि नकार पहिल्या ओळीत कसा लिहायचा हेही शिकवले आहे.

सबब विनंती की, उपरोक्त गृहस्थांच्या फाइलीतील निष्काळजीपणाचा शेरा खोडण्यात यावा आणि तोच शेरा, एकही शब्द न बदलता, माझ्या फाइलीत लिहिण्यात यावा. तसे झाल्याचे पत्र त्यांच्या गावच्या पत्त्यावर पाठवावे. पत्ता ऑफिसात आहे. अर्जाची एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे, दुसरी वाचकांच्या हाती देत आहे, म्हणजे साक्षीदार दोनच राहणार नाहीत.

उत्तराची वाट पाहत आहे. उत्तर नकाराचे असल्यास, कृपा करून ते पहिल्याच ओळीत लिहावे.