सक्करदऱ्याची तोतरी बैठक

माझ्या ओळखीत सर्वांत बोलका माणूस कोण, असं विचाराल तर मी डोळे झाकून एका तोतऱ्या माणसाचं नाव घेईन. अर्थात घेता आलं तर, कारण मीही त्याच पंथातला. पंच्याहत्तर सालच्या सुमारास टपाल कचेरीतले हे काका दर रविवारी सकाळी सक्करदरा तलावाकाठी आम्हा तोतऱ्यांची बैठक भरवत. तिथे ना डॉक्टर, ना मास्तर. काकांचा उत्साह मात्र दांडगा. एकदा त्यांनी जीभ सुटावी म्हणून सगळ्यांना तोंडात सुपारी धरून बोलायला लावलं. "क-काही होत नाही गा, मी जबाबदार!" मी ती गिळून बसलो आणि जबाबदारी म्हणून काकांनी मला केळी खाऊ घातली. फायदा म्हणाल तर तिथे हसणारं कोणी नव्हतं, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा मी चारचौघांत तोंड उघडलं. तोटा असा, की पूर्वी मी फक्त 'प'वर अडायचो. बैठकीच्या सहवासात 'क' आणि 'त'ही पदरात पाडून घेतले.

पुढे धरमपेठेतली एक मुलगी पाहायला जायचं ठरलं. तिला मी आधी लांबून पाहिलं होतं आणि ती मनात पक्की बसली होती. मला वडील नव्हते, म्हणून वडीलधारे काका आले. वाटेत म्हणाले, "पहिलेच सांगून टाक. ल-लपवून काहून राहिला?" मी शहाणा, नुसतं हो-नाही करून वेळ मारून न्यायचं ठरवलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता आपण?" झालं! कारकुनाचा 'क' घशातच बसला. काका मदतीला धावले, "पोरगा त-तोतरा आहे, पण म-म-" आणि तेही तिथेच अडकले. आम्ही दोघं तोंड उघडून बसलेलो, समोर पोहे गार होत होते आणि आतून कोणीतरी फिस्सकन हसलं. आठवड्याभरात नकार आला.

त्या रविवारी काका तलावावर आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो. दारातच म्हणाले, "म-माह्याच्यानं तुह्यं लग्न मोडलं. ब-बैठक बंद."

मला एवढंच म्हणायचं होतं, तुमच्यामुळे नाही. पण 'त' काही केल्या निघेना. मान ताठरली, डोळ्यांत पाणी आलं. काकांनी ना नजर वळवली, ना शब्द पुरवला. चहाचा कप हातात तसाच धरून ते उभे राहिले. शेवटी एकदाचं वाक्य बाहेर पडलं, तेव्हा त्यांनी कप ठेवला आणि तलावावर निघायला चपला घातल्या.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. माझं अजून तसंच आहे. मी अडलो की माणसं मायेनं माझा शब्द पुरा करून देतात. मी हसून मान डोलावतो, पण बहुतेक वेळा मला म्हणायचं असतं ते वेगळंच असतं.